दोष आढळला नाही

कार्ड परत आलं ते मंगळवारी सकाळी, स्टोअरच्या बाकी सामानासोबत. फ्यूजचे डबे होते, केबलची एक जाड गुंडाळी होती आणि तपकिरी पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्यात ते. रत्नपालनं पावतीवर सही केली, खोकं उघडलं आणि आतली चिठ्ठी वाचली. 'तपासणी केली. दोष आढळला नाही.' खाली तारीख, वर्कशॉपचा शिक्का आणि कुणाची तरी वाचता न येणारी सही. त्यानं चिठ्ठी उलटून पाहिली. मागे काही नव्हतं. बाहेर गोंदियाच्या यार्डात डबे जोडणं चाललं होतं, आणि ऑफिसातला एक माणूस फोनवर कुणाला तरी आमगावचा पत्ता तिसऱ्यांदा समजावून सांगत होता. रत्नपाल तिथंच केबलच्या गुंडाळीवर बसला. पत्ता सांगणाऱ्यानं फोन ठेवून विचारलं, क्या हुआ, बीपी? तो म्हणाला, हां, शायद.

हे कार्ड अकरा महिन्यांपूर्वी त्यानं स्वतःच्या हातानं काढलं होतं. एका लहान स्टेशनाच्या हद्दीत रेल्वेचं फाटक, फाटकाला लागून सिग्नलची खोली, आणि त्या खोलीत लोखंडी कपाटाएवढं यंत्र. यंत्रात तीन प्रोसेसर, प्रत्येक वेगळ्या कार्डावर, ए, बी आणि सी. तिघांचं काम एकच आणि एकाच वेळी. फाटक बंद आहे का, रूळ मोकळा आहे का, गाडीला सिग्नल द्यायचा का, याचं उत्तर तिघंही वेगवेगळं काढायचे, आणि दोघांचं जुळलं की तेच खरं धरलं जायचं. तिसऱ्याचं वेगळं निघालं तर यंत्र त्याला बाहेर काढायचं, त्याच्यावर लाल दिवा लावायचं आणि उरलेल्या दोघांवर काम चालू ठेवायचं. त्या दोघांतही पटेनासं झालं तर सगळे सिग्नल लाल. रत्नपाल ही मशीन शिकायला गेला होता तेव्हा शिकवणाऱ्या साहेबांनी सांगितलं होतं की तीन वेगळ्या डोक्यांतली दोन एकाच क्षणी एकच चूक करतील असं लाख वर्षांतही घडणार नाही. कुडव्याच्या घरी येऊन त्यानं हे बायकोला, रंजिताला सांगितलं होतं, चहा पिताना, बोटांवर मोजून मोजून. त्याला ते फार आवडलं होतं. वीस वर्षं तो तारा, रिले, पावसात कुजलेले डबे सांभाळत होता. जिथं चुकीची आधीच सोय करून ठेवली आहे असं काही त्यानं पहिल्यांदा पाहिलं होतं.

मग मेअखेरची ती दुपार. दोन वाजून सदतीस मिनिटांनी पॅसेंजर गाडी हिरव्या सिग्नलवर आली आणि फाटक उघडं होतं. रीता नावाची सव्वीस वर्षांची नर्स स्कूटीवरून उपकेंद्रात ड्युटीवर चालली होती. टेकचंद नावाच्या शेतकऱ्याची मुलगी, जवळच्याच गावची. ती जागीच गेली. रत्नपाल तासाभरात पोचला तेव्हा रस्त्यावर गर्दी होती. तो गर्दीकडे गेला नाही. तो सरळ सिग्नलच्या खोलीत गेला. तिथं जायचंच काम होतं, असं त्यानं पुढं कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं. खोलीत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. बारा वाजल्यापासून वीज गेलेली, एसी बंद, यंत्र बॅटरीवर. ए हिरवा, बी हिरवा, सीवर लाल दिवा. त्यानं नोंद वाचली. दोन सदतीसला ए म्हणत होता फाटक बंद, बी म्हणत होता बंद, सी म्हणत होता उघडं. सी बाहेर. घामानं बोटं घसरत होती. वरचे साहेब फोनवर म्हणाले, कार्ड बदलो, लाइन चालू करो. त्यानं सी काढलं, शिल्लक असलेलं दुसरं कार्ड बसवलं, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, सी कार्ड सदोष, बदलले, यंत्रणा ठीक. त्याचं अक्षर चांगलं होतं. त्या दिवशीही चांगलंच आलं.

फाटकावर गेटमन यादोराव होता. कामठ्याचा, अठ्ठावन्न वर्षांचा, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. रत्नपाल नोकरीत नवीन लागला तेव्हा यादोरावनंच त्याला आपल्या घरी चार महिने ठेवून घेतलं होतं. त्याच्या बायकोच्या, सुमनबाईच्या हातचं त्यानं खाल्लं होतं, त्यांच्यासोबत चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत चालला होता. यादोरावनं पहिल्या जबाबात सांगितलं की स्टेशनातून फाटक बंद करायची घंटी आलीच नाही. फाटक उघडंच होतं आणि उघडं होतं म्हणून पोरगी निघाली. फाटक उघडं असताना सिग्नल हिरवा होतोच कसा, हे त्यानंच उलट विचारलं. स्टेशनमास्तर म्हणाला, घंटी दिली होती. आणि यंत्राची नोंद सांगत होती की फाटक बंद होतं, कुलूप लागलेलं होतं. मग ते उघडलं कसं, तर आपत्कालीन चावीनं. त्या चावीच्या पेटीचं सील तुटलेलं होतं. ते तीन महिन्यांपासून तुटलेलं होतं, आणि नवं लावायचं काम रत्नपालचं होतं, पण हे कुणी त्याला विचारलं नाही आणि तोही बोलला नाही.

चौकशीत त्याला एकच महत्त्वाचा प्रश्न आला. सी कार्डाच्या उत्तराचं काय? टेबलापलीकडे तीन अधिकारी होते, भिंतीला टेकून यादोराव उभा होता. रत्नपाल म्हणाला, "साहेब, दोघं एक सांगत असतील तर तिसरा चुकलेला असतो. मशीन त्याच हिशोबानं बनली आहे." अधिकाऱ्यांनी माना हलवल्या. ते वाक्य खोटं नव्हतं. तो ते शिकला होता, जसंच्या तसं म्हणाला होता. फक्त म्हणताना त्यानं भिंतीकडे पाहिलं नाही. पंधरा दिवसांनी यादोरावनं दुसरा जबाब दिला, की पोरगी ड्युटीला उशीर झाला म्हणाली, तिची दया आली, मी चावीनं फाटक उघडलं. रत्नपालला ते ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, आणि ऐकून त्याच्या छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. त्या दिवशी तो घरी जाताना मासळी घेऊन गेला होता. हे आता केबलच्या गुंडाळीवर बसल्याबसल्या आठवलं, रंजितानं मासळी धुतली तेव्हाचा वाससुद्धा.

त्या मंगळवारी घरी तो जेवला नाही. कार्ड त्यानं सोबत आणलं होतं; टेबलावर ठेवलं आणि बघत बसला. हिरवी पाटी, काळे ठिपके, एका कोपऱ्यात लॉटचा, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा आकडा. रंजितानं विचारलं, काय आहे ते. त्यानं सांगितलं, फाटकाचं कार्ड आहे, ते चांगलं निघालं. ती म्हणाली, मग बरंच झालं ना. चांगलं निघालं म्हणजे त्या दुपारीही चांगलं होतं. चांगलं होतं म्हणजे फाटक उघडं आहे हे ते बरोबर सांगत होतं, आणि दोघांच्या विरोधात एकटंच सांगत होतं म्हणून यंत्रानं त्याला हाकललं, आणि यंत्रावर विसंबून त्यानं हाकललं. त्याला एकदम दुसरी गोष्ट सुचली आणि तो खुर्चीवरून उठला. ए आणि बी अजून तिथंच होते. गेले अकरा महिने त्याच दोघांच्या शब्दावर गाड्या जात होत्या. आत्ताही एखादी जात असेल. त्यानं जुन्या पावत्या काढल्या. ए आणि बी एकाच लॉटचे होते. सी अपघाताआधी कधीतरी वीज पडल्यावर बदललेलं, दुसऱ्या लॉटचं. तीन वेगळी डोकी नव्हतीच तर. दोन होती, आणि त्यातलं एक दोनदा मोजलं जात होतं.

दुर्गाप्रसाद त्याचा वरिष्ठ, वाईट माणूस नव्हता. त्यानं चिठ्ठी वाचली, परत दिली आणि म्हणाला, "आधे कार्ड ऐसेही लौटते हैं, रत्नपाल. वर्कशॉप की ठंडी टेबलपर सब ठीक चलता है." मग त्यानं विचारलं की केस बंद झाली, माणसानं स्वतः कबूल केलं, तुला आता काय हवंय? ठंडी टेबल हे शब्द रत्नपालच्या डोक्यात राहिले. त्या दुपारी खोली थंड नव्हती. त्याला घसरणारी बोटं आठवली, कपाटाच्या दाराला हात लावला तेव्हा बसलेला चटका आठवला. आणि आता पुन्हा मे लागला होता.

त्या स्टेशनावर आता ओमेश्वरी नावाची स्टेशनमास्तर होती, पोवारांची, तिशीतली, कामापुरतं बोलणारी. रत्नपालनं तिला सगळं सांगितलं नाही. दुपारी दोन गाड्यांच्या मधला पाऊण तास मला तपासणीसाठी द्या, तेवढा वेळ सिग्नल माझ्या ताब्यात, एवढंच म्हणाला. तिनं कागदावर लिहून घेतलं आणि वेळ दिला. पहिल्या दिवशी त्यानं नवं सी काढून जुनं सी परत तिसऱ्या जागी बसवलं, सकाळपासून एसी बंद ठेवला आणि ठरल्या वेळी फाटक उघडं ठेवून दिव्यांसमोर बसला. ए उघडं, बी उघडं, सी उघडं. पंचेचाळीस मिनिटं तिघं एकच सांगत राहिले. निघताना त्यानं नवं कार्ड पुन्हा जागी लावलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. दुसऱ्या दिवशी घरी जाताना त्याला बरं वाटत होतं. कुडव्याच्या वळणावर गाडी चालवता चालवता त्याच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय, आणि ती थांबली. त्याला काय हवं होतं? ते दोघं खोटे ठरले तर यादोराव सुटत होता आणि तो अडकत होता. खरे ठरले तर सगळं होतं तसं राहत होतं, चौकशी, मासळी, सगळं. तो दोन दिवस त्या भट्टीत बसला ते खरं शोधायला की ते सापडत नाही हे बघायला, हे त्याला ठरवता येईना. रंजितानं त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, तुम्ही कोणासोबत भांडून राहिले मनातल्या मनात? ओठ हलून राहिले तुमचे.

तिसऱ्या दिवशी खोलीतला पारा शेहेचाळीसवर होता. दोन पन्नासला नोंदीच्या पडद्यावर एची ओळ बदलली. फाटक बंद. पाठोपाठ बीची बदलली. फाटक बंद. सी म्हणत होतं, उघडं. मग यंत्रानं सीला बाहेर काढलं आणि त्याच्यावर लाल दिवा लागला. रत्नपाल उठला आणि दाराबाहेर गेला. ऊन डोळ्यांत शिरलं. फाटकाचे दोन्ही दांडे आभाळाकडे उभे होते, आणि त्याखालून एक म्हातारा सायकल हातात धरून सावकाश रूळ ओलांडत होता. रत्नपालनं तो पलीकडे जाईपर्यंत पाहिलं. मग आत येऊन दिवे पाहिले. फाटक बंद. पुन्हा बाहेर गेला. त्यानं असं किती वेळा केलं ते त्याला आठवत नाही. डोळ्यांवर की दिव्यांवर, कशावर विसंबायचं, हे जणू अजून ठरायचं होतं. फाटकावरच्या नव्या गेटमननं हाक मारून विचारलं, पाणी पाहिजे का सायेब? त्यानं नाही म्हटलं. फोन काढून त्यानं फोटो घेतला, आधी दिव्यांचा, मग फाटकाचा, दोन्हींत वेळ दिसेल असा. नंतर त्यानं ए ओढून काढलं. बी ओढून काढलं. खोलीतले सगळे पंखे अजून फिरत होते, पण दोन्ही बाजूंचे सिग्नल लाल झाले आणि लालच राहिले.

ओमेश्वरीनं फोनवर विचारलं, वेळ संपला, सिग्नल परत देता ना? तो म्हणाला, नाही देत. ती म्हणाली, "लेखी देता?" त्यानं लेखी दिलं. तिनं वाचलं, दोनदा वाचलं, आणि लगेच दोन्ही बाजूंच्या स्टेशनांना कळवलं. एक मालगाडी बाहेरच्या सिग्नलला दीड तास उभी राहिली. फाटक हातानं कुलूप लावून, कागदावर परवानगी देऊन गाड्या सोडायला सुरुवात झाली. दुर्गाप्रसादचा फोन आला तेव्हा तो ओरडला नाही. त्यानं फोटो मागवले, पाहिले, आणि म्हणाला, "तुमने अपनाही लिखा हुआ काट दिया, समझते हो ना?" रत्नपाल म्हणाला, समझता हूं. मग सीलबद्दलही लिहू का असं त्यानं विचारलं, आणि पलीकडून उत्तर यायच्या आत तो ते लिहायला बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कागदाची एक प्रत घेऊन तो कामठ्याला गेला. अकरा महिन्यांत एकदाही गेला नव्हता. सुमनबाई अंगणात होती. जय भीम म्हणाला तर तिनं हलक्या आवाजात जय भीम म्हटलं, आत ये म्हटलं नाही. ते घरी नाहीत, ती म्हणाली, ते टेकचंदच्या शेतात आहेत, बांधीत, धान कापायले. त्याला आधी कळलं नाही. ती म्हणाली, त्या पोरीचा बाप. नोकरी गेल्यापासून रोज जातात. सुरुवातीला त्यानं हाकलून लावलं, काठी घेऊन धावला होता. हे पुन्हा जाऊन शेताच्या धुऱ्यावर बसायचे. मग कधीतरी तो काही म्हणायचा बंद झाला. रोवणं केलं, निंदण केलं, आता कापणी. एक रुपया घेत नाहीत, त्याच्या घरचं पाणी पितात तेवढंच. हे सांगताना ती त्याच्याकडे पाहत नव्हती, सुपातले तांदूळ पाहत होती. "तू काऊन आला?" तिनं शेवटी विचारलं. त्यानं कागद दाखवला. तिला वाचता येत होतं, पण तिनं तो हातात घेतला नाही.

उन्हाळी धान बरंचसं कापून झालं होतं. यादोराव एकटाच एका बांधीत बसून कापत होता, डोक्याला दुपट्टा, पाठीचा मणका शर्टातून दिसत होता. दूर दुसऱ्या टोकाला टेकचंद पेंढ्या बांधत होता. रत्नपाल धुऱ्यावर बसला आणि सांगू लागला. त्यानं ठरवलं होतं तसं ते आलं नाही; आधी कार्डाचं, मग लॉटचं, मग गरमीचं, मधेच सीलचं, मग पुन्हा कार्डाचं. यादोराव कापत राहिला. मग थांबला. मग रत्नपालनं कागद उघडून शेवटची ओळ वाचली, की सदर दिवशी यंत्रणेने चुकीचे दाखविले आणि गेटमनचे म्हणणे खरे होते.

"कोणतं म्हणणं?" यादोराव म्हणाला. "मी तं दोन देल्ले."

रत्नपाल म्हणाला, पहिलं. तुमी उघडलं नव्हतं भाऊ, ते उघडंच होतं. मग यादोराव हळूहळू सांगायला लागला, रत्नपालला नाही, समोरच्या धानाला सांगावं तसं. चौकशीत तुम्ही सगळे एकच सांगत होते, मास्तर, मशीन, तू. घरी येऊन मी रोज विचार करायचो, आपलंच चुकलं असंन, इतके लोक कायले खोटं बोलतीन. विचार करता करता एक दिवस दिसलं. ती गाडी थांबवून उभी आहे. काका, जाऊ द्या ना, उशीर झाला, म्हणते. मी चावी घेतो. चावी गरम लागते हाताले. "मले अजूनई दिसते, रतन. आत्ता तू बोलून राहिला तवाई दिसून राहिलं. तिचा आवाज मले कोठून आला मंग? मी तं तिच्यासंग कधी बोललोच नाई."

रत्नपालनं फोनमधले फोटो दाखवले. यादोरावनं पाहिले, वेळ वाचली, फाटक ओळखलं. आनंद होईल, राग येईल, तो आपल्याला मारेल, यातलं काहीतरी होईल अशी रत्नपालनं वाटेत तयारी केली होती. मारलं असतं तर बरं झालं असतं. यादोरावनं फोन परत दिला आणि बांधीच्या टोकाकडे पाहिलं. टेकचंद पेंढी गुडघ्यानं दाबून आवळत होता.

"त्याले काय सांगू?" यादोराव म्हणाला. "मी ईत्ते दिवस याच्या बांधीत कायले येत होतो म्हणून सांगू?"

"मी सांगतो. आत्ताच सांगतो."

"थांब." यादोरावनं त्याच्या मनगटाला धरलं, घट्ट, बोटं रुतेपर्यंत. "एवढी बांधी होऊ दे. एक पात राह्यली. तवापर्यंत नोको सांगू."

धुऱ्यावर दुसरा विळा पडलेला होता. रत्नपालनं तो उचलला आणि यादोरावच्या बाजूला बसला. लहानपणानंतर त्यानं धान कापलं नव्हतं. पहिल्या दोन मुठी वाकड्यातिकड्या आल्या, पात्यानं करंगळी कापली. यादोराव पुढे गेला नाही. आपला हात हळू करून तो त्याच्या बरोबरीनं सरकत राहिला. ऊन डोक्यावर आलं. रत्नपालला वाटत होतं की ही पात संपू नये, आणि ती संपत होती, मूठमूठ, आणि यादोरावचा हातही जितका हळू होता येईल तितका हळू होत होता.

शेवटची मूठ यादोरावनं कापली आणि तो तिथंच बसून राहिला, तोंड फिरवून. टेकचंद पाण्याची गडवी घेऊन बांधी ओलांडत आला. त्यानं यादोरावसमोर गडवी ठेवली, मग या अनोळखी माणसाकडे, त्याच्या पँटला चिकटलेल्या काडीकचऱ्याकडे, बोटातून गळणाऱ्या रक्ताकडे पाहिलं, आणि विचारलं, हे कोण? यादोराव उठला नाही. रत्नपाल उठला, आणि त्यानं आपलं नाव सांगितलं.